खोक्यांची फरशी

आमच्याकडे सल्ला द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही. आईच्या खोलीत लाकडाची जमीन करतोय म्हटल्यावर शेजारी म्हणाले वाळवी लागेल, मेहुणा म्हणाला खोक्याची लाकडं कुणी घरात घालतं का, आणि बायको म्हणाली करा काय ते, पण पसारा तुम्हीच आवरायचा. आईचं तर बोलणंच कमी झालं होतं.

हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले आता चालवा, नाहीतर पाय कायमचे आखडतील. पण ती पलंगावरून पाय खाली सोडायची आणि टाइलचा गारवा लागला की परत वर घ्यायची. चार महिने हेच. मी समजावलं, रागावलो, हातापाया पडलो. बाई ढिम्म.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या भक्कम खोक्यांतून. मशिन निघालं की खोकं भंगारात, आणि तिथून बेकरीच्या भट्टीत. विषारी धुरी न देता नुसतं तापवून कीड मारलेलं चांगलं लाकूड, तसा शिक्काच असतो त्यावर, आणि आपण त्यावर पाव भाजतो. माझं डोकंच फिरायचं. शेवटी साहेबांच्या मागे लागून गेटपास केला आणि चार खोक्यांच्या फळ्या तळवड्याच्या एका वखारीत नेल्या.

वखारवाले काका माझ्याहून तिरसट. खिळा दिसला तर फळीला हात लावणार नाही म्हणाले. दोन रविवार मी पकड घेऊन खिळे उपटत बसलो. पातळ पात्यानं चिरलं की भुसा कमी पडतो, आणि पडतो तो कोंबड्यांच्या शेडला जातो, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. चकचकीत पॉलिशचं नाव काढलं तर अंगावरच आले. जवसाचं तेल लावा म्हणाले, फक्त पाण्यापासून जपा.

जमीन झाली. पायाला उबदार, घसरायची भीती नाही. आईनं पलंगावरूनच पाहिली, "फरशी ब्येस हाय" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. फरशी नाही गं, लाकूड आहे, असं मी दोनदा सांगितलं. पण आपल्याकडे पायाखालचं सगळं फरशीच. बायकोला बजावलं, कामवाल्या मावशींना बजावलं, पाण्याचा थेंब नको. आईला सांगायचं सुचलंच नाही. जी पलंग सोडत नाही ती कशाला पाणी सांडतेय!

आठवड्याभरात एकदा फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो तर फळ्या फुगलेल्या, सांध्यांत पाणी तुंबलेलं. बायको पिंपरीला बाजारात, मावशी सुट्टीवर. आई पलंगावर बसलेली, लुगड्याचा काठ ओला.

"म्या धुतली," ती म्हणाली. "नवी फरशी धुतल्याबिगर वावरायचं कसं तिच्यावर?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मरमर केली ती ह्यासाठी? तोंडाला येईल ते बोलणार होतो.

"अख्खी बादली ओतलीस?"

"बादली कुठं उचलतीय मला. मोरीतनं तांब्या-तांब्यानं आणलं."

मोरी पॅसेजच्या पार टोकाला आहे. मी एकदा पलंगाकडे बघितलं, एकदा मोरीकडे.

"किती तांबे आणलेस?"

"पंधरा-वीस झालं आसतील. मधी भिताडाला धरून दम खाल्ला."

मी तिथंच मटकन खाली बसलो. रागही जाईना आणि रडूही आवरेना.

"ऊठ, ओल्यात बसू नगं," आई म्हणाली. "त्या कोपऱ्यात आजून एक हात मारायचा राहिलाय."