सिलिंडरपुढचं दंडवत

वैशाखातला सोमवार, करोनाच्या दुसऱ्या लाटेचं साल. आदिलाबादच्या एका दवाखान्यात हजर होते: खाटेवर माझा धाकटा भाऊ, मावल्याला भाजीचं दुकान चालवणारा, त्याच्याजवळ मी, आणि शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्यापाशी बसलेली इचोड्याची एक बाई, चहाची टपरी चालवणारी. आई घरी, फोनवर. देव हजर होता का, याची मला त्या दिवशी खात्री नव्हती.

औषधं, चार्जर, गरम पाणी, सगळं मी जागच्या जागी लावलं होतं. भावाचा श्वास तेवढा माझ्या हातात नव्हता. पालथं निजवा, ऑक्सिजन चढेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण आमच्या घरी पालथं निजणं अशुभ. लहानपणी आई आम्हाला झोपेतसुद्धा उलटून सरळ करायची. आता ती फोनवर रडत होती, "पालथा निजू नको रे बाबू!" आणि तो तिचं ऐकून उताणा पडून धापा टाकत होता. माझं समजावणं, रागावणं, सगळं वाया गेलं.

तेव्हा ती बाई उठून आली. "काऊन रे भाऊ, देवापुढं पालथा पडतो तवा नाही होत का अशुभ?"

भाऊ धापेतच हसला. "मावशी, इथं कुठं हाय देव? समोर सिलिंडर हाय."

"मंग त्यालेच घाल दंडवत. आज तोच देव."

त्यानं हात जोडले आणि तो पालथा वळला. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा हळूहळू चढत गेला. मग तो रोज तसाच निजू लागला. एका सकाळी तर आईशी न थांबता बोलला, कोथिंबिरीचा भाव विचारला. बाईचा नवरा बरा होऊन घरी निघाला, तेव्हा ती म्हणाली, "याले सुट्टी झाली का इचोड्याले घेऊन ये ताई. चहा पाजीन."

भावाला सुट्टी झालीच नाही. फुफ्फुसं सावरत असताना रक्तात गुठळी झाली, हृदयाची वाट अडली आणि भर दुपारी तो गेला. लोक म्हणतात, ऑक्सिजन मिळाला नाही. आई म्हणते, पालथा निजला म्हणून गेला. या आजारात रक्त गोठू लागतं, निजण्याशी त्याचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी मला समजावलं होतं. मी आईला सांगते. ती तोंड फिरवते.

आईशी त्याचं ते धाप न लागता झालेलं बोलणं मात्र मी कृपाच मानते, आणि त्यासाठी रोज हात जोडते. जोडताना मन अजून पुढचं मागतं, जे आता मिळणार नाही. काही न मागता स्वतःला सोपवून द्यायचं असतं, हे मला कळतं. भाऊ त्या दिवशी जसा सहज वळला, तसं मला अजून जमलेलं नाही.

हैदराबादला जाताना बस इचोड्याला थांबते. खिडकीतून टपरी दिसते, ती बाई चहा गाळत असते. तिला वाटत असेल, भाऊ दुकानात रमला, विसरला. दर वेळी मी ठरवून निघते. खाली उतरून तिला सांगायचं अजून राहिलं आहे.