हातानं लिहिलेला बिल्ला

नागपुरात कुठलंही संमेलन असो, नोंदणीच्या टेबलावर एक काका हमखास दिसतातच. नाव ऐकलं की विचारतात, "कुठून येऊन राहिले जी?" समोरचा "हुडकेश्वर" म्हणेपर्यंत त्यांचं बोट यादीतल्या नावावर पोचलेलं असतं आणि छापील बिल्ला पुढे आलेला असतो. रांग कधी तुंबत नाही.

परवा एक वयस्क बाई चाचरतच म्हणाल्या, "माहं नाव नसन बाप्पा यादीत." काकांचं बोट कागदावरून सरसर फिरलं आणि थांबलं. "हे काय, आहे न मावशी! बिल्ला तेवढा छापाचा राहून गेला." त्यांनी कोऱ्या बिल्ल्यावर पेनानं नाव लिहून दिलं.

मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. त्या आत गेल्यावर यादीत डोकावलो. काकांचं बोट जिथे थांबलं होतं, तिथे भलतंच नाव होतं.

माझ्या पहिल्या संमेलनाचा बिल्ला मी जपून ठेवलाय. घरी येऊन तो काढून पाहिला. तोही पेनानंच लिहिलेला आहे.