पोळपाटाच्या मापाचं भोक

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, पण तोंडातला चहा आधी गिळा!

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बायको त्यांना दवाखान्यातून आणायला निघाली. म्हणाली, "संडासासाठी भोकाची खुर्ची येताना घेते."

"विकत कशाला? मी करतो की!"

काय गरज होती? पण या बाईनं मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलेलं. म्हटलं, एवढं तरी आपल्या हातानं करू.

घरातल्या जाड प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पोळपाट ठेवून गोल आखला. सुरी घासली, तर सुरीच वाकली! मग उलथनं गॅसवर लालभडक तापवलं आणि दिलं टेकवून. चर्रर्र! घरभर असला धूर, की भिंतीवरची पालसुद्धा बाहेर पळाली. दोन तासांत भोक तयार. कडेला करवतीसारखे दात, पण भोक ते भोक!

मजबुती तपासायला नको? बसलो.

कट्ट!

कडेला चीर गेली आणि मी कमरेपर्यंत आत. गुडघे हनुवटीला, पाय हवेत. वर यायला बघतोय, तर ते दात विजारीत रुतायला लागले.

"शिवादादा! अडकलोय!"

शिवादादा शेजारचे, वेल्डिंगचं दुकान चालवतात. धूर बघून ते बादली घेऊन निघालेलेच. आत आले आणि अख्खी बादली माझ्यावर!

"आरं, कुठं पेटलंय?"

"पेटलं न्हाय दादा, मी अडकलोय!"

तेवढ्यात दारात रिक्षा. वॉकर टेकत सासूबाई आत आल्या. समोर मी, ओलाचिंब, भोकाच्या खुर्चीत.

"अगं बया! जावईबापू, तुमचं कवा ऑपरेशन झालं?"

समजावेपर्यंत त्यांनी कागलला भावाला फोनसुद्धा लावला. "अरं, पावण्यांस्नी उठताबी येईना!"

बायको पदरात तोंड घालून हसतेय. शिवादादा मात्र हसले नाहीत. हॅक्सॉ ब्लेड घेऊन आले. पातं आणि माझी मांडी यांच्या मधे त्यांनी स्वतःचा हात घातला. "हलू नगंस." खुर्ची कापून मला बाहेर काढलं, पण ओरखडाही उठला नाही. त्यांच्या बोटाला मात्र लागलं. खरं सांगतो, डोळे भरले माझे.

वर त्याच दुपारी त्यांनी लोखंडी पाइपची पक्की खुर्ची जोडून आणली, सगळ्या कडा कानशीनं गुळगुळीत घासून. सासूबाई सुखानं बसल्या.

"दादा, तुमचे उपकार कसे..."

"उपकार ऱ्हाऊ दे. आधी विजार बदल!"

रविवारी कागलचे मामा आले. दार सासूबाईंनीच उघडलं, तर त्यांच्या बाजूनं ते थेट माझ्याकडे! शहाळं माझ्या हातात देत म्हणाले, "पावणं, आता उठता येतंय न्हवं?"

मी लाजून शहाळं घेतलं आणि फोडायला सुरी शोधू लागलो.

सासूबाई वॉकरसकट आडव्या आल्या. "जावईबापू, ठेवा ते खाली! अगं, शिवादादास्नी हाक मार!"