घंटा पेलणारा हात

अरविंद मोहिते यांचं पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, ग्वाल्हेरच्या एका रुग्णालयात निधन झालं. ते त्रेसष्ट वर्षांचे होते. सकाळी ते घरात कोसळलेले शेजाऱ्यांना दिसले, त्यानंतर शुद्धीवर आले नाहीत. मला ही बातमी अनुराग भदौरियाने फोनवर सांगितली. त्याचं नई सडकेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो एवढंच म्हणाला, "अंकलजी नहीं रहे।" मागे बाजाराचा आवाज येत होता. मी वृत्तपत्राच्या कचेरीत होतो. सवयीने समोरच्या कागदावर वेळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली.

अरविंद माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून यापुढे एकेरीत लिहितो. त्याचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इथे आले. त्याने स्वतः आयुष्यभर वजनं तपासली. तो वजनमापे निरीक्षक होता. दाल बाज़ारातल्या दुकानांतली लोखंडी वजनं तो प्रमाण वजनांसमोर तोलायचा आणि बरोबर निघाली तर तळाच्या शिशावर छाप मारायचा. वजन झिजतं, हे मला पहिल्यांदा त्याने सांगितलं. रोज हाताळलेलं वजन वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी होत जातं आणि ते वापरणाऱ्याला कळतही नाही. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातलं पितळी वजन त्याने असंच बाद केलं होतं. ते सात ग्रॅम कमी भरत होतं. तेव्हापासून ते त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असायचं.

निवृत्तीनंतर त्याची पुतणी सायली वर्षभर त्याच्या जयेंद्रगंजच्या घरी राहायला होती. आता ती ग्वाल्हेरमधल्याच मुरारला आईवडिलांकडे असते आणि एका शाळेत खेळ शिकवते. त्या वर्षी अभ्यास संपला की ती एक जपानी अ‍ॅनिमे मालिका लावायची. नावाचा अर्थ 'सात शिखरांचा आखाडा' असा होतो, असं ती सांगायची. मालिकेत सात डोंगर, सात गुरू, त्यांचे शिष्य आणि त्यांच्या न संपणाऱ्या लढती होत्या. अरविंद पेपर वाचत बाजूला बसायचा. एक दिवस पडद्यावर कोणीतरी शिळा उचलून फेकली. त्याने पेपर खाली केला आणि विचारलं, "केवढी असेल ती?" सायली म्हणाली, "काका, कार्टून आहे, यार!" त्याने तो भाग पुन्हा लावायला सांगितला. शिळेशेजारी एक बैल उभा होता. बैलावरून त्याने शिळेचा अंदाज काढला आणि जुन्या सरकारी वहीत लिहून ठेवला.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. अनुराग सायलीच्या ओळखीचा. मी आलो ते निव्वळ कुतूहलाने आणि मग येतच राहिलो. कोण किती बलवान, कोणाचं बळ एका भागात एवढं आणि दुसऱ्या भागात तेवढं का, यावर जगभरचे चाहते इंटरनेटवर भांडत असतात, हे मला तिथेच कळलं. ते वाद सायली वाचून दाखवायची. निकाल अरविंद द्यायचा. त्याचे नियम ठरलेले होते. पात्र स्वतःच्या ताकदीबद्दल जे बोलतं, ते धरायचं नाही. पडद्यावर दिसलं तेवढंच खरं. भिंत फोडली असेल तर विटांची की दगडाची, ते आधी ठरवायचं. प्रत्येक नोंदीखाली त्याची सही आणि जागेवर पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, बाजारातल्या तपासणीत पंच लागायचे तसे. अनुराग वैतागून म्हणायचा, "अंकलजी, ये योद्धा है, दाल का व्यापारी नहीं।" अरविंद मान वर न करता सांगायचा, "व्यापारी पण असंच म्हणायचे. सही कर."

ती खोली अजून डोळ्यांसमोर येते. सकाळचे अकरा, बाहेर थंडीतलं धुकं, आत पडदे ओढलेले. टेबलावर द्रोणांत बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेल्या पुऱ्या, आणि वाफाळलेल्या जलेबीचा वास. पडद्यावरचा निळा उजेड भिंतीवर, आमच्या चेहऱ्यांवर, त्या पितळी वजनावर हलत राहायचा आणि वेळ किती झाला ते कळायचं नाही. एखाद्या तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. आवाज यायचे, पण वरून, लांबून.

नववा भाग आम्ही त्या खोलीत किमान दहा वेळा पाहिला असेल. इवाओ नावाचा म्हातारा गुरू, तिसऱ्या शिखरावरचा. बर्फ पडत असतो. डोंगरावरच्या देवळाची घंटा, घराएवढी, साखळी तुटून गावावर घरंगळत येते. गाव झोपेत असतं. इवाओ वाटेत उभा राहतो आणि उजवा हात वर करतो. घंटा तळहाताला लागते आणि थांबते. मोडतोड नाही, धडाका नाही. फक्त एक घूं असा नाद उठतो, तो झाडांवरचा बर्फ खाली आणतो, छपरांवरून जातो, झोपलेल्या मुलांच्या अंगावरून जातो... आणि कोणीही जागं होत नाही. मिनिटभर नुसता तो नाद.  अरविंदने त्या नोंदीपुढे लिहिलं होतं : "एक हात. पूर्ण भार. प्रमाणित." वहीत एवढ्या भाराची नोंद दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हती.

एकोणचाळिसाव्या भागात त्याच इवाओच्या मठाला आग लागते. त्याच्या शिष्यावर छताची तुळई पडते. इवाओ ती उचलायला जातो आणि त्याला ती उचलत नाही. शिष्य मरतो. त्या आठवड्यात चाहत्यांनी इंटरनेटवर लेखकाला शिव्या घातल्या. घंटा पेलणाऱ्याला तुळई जड झाली, लेखकाला स्वतःचीच गोष्ट आठवत नाही, असा बहुतेकांचा सूर होता. अरविंदचंही तेच मत पडलं. त्याने इवाओपुढे 'अप्रमाणित' लिहिलं आणि वही सायलीपुढे सरकवली.

ती म्हणाली, "नाही करणार सही. काका, आदमी ऐसे ही कमज़ोर नहीं होता. मधे काहीतरी झालं असेल ना!"

"काय झालं?"

"ते नाही माहीत मला."

"दाखवलंय कुठे?"

"नाही दाखवलं. पर हुआ होगा."

"दाखवलं नाही, म्हणजे झालं नाही."

"तुम्ही ना, बस अडून बसता. वजनं तपासता तुम्ही, काका. माणसं नाही." तिने ओढणी सावरली, चपला घातल्या आणि गेली. जिन्यावरचे तिचे पाय ऐकू येईनासे झाल्यावर अरविंदने वही आमच्याकडे फिरवली. साक्षीदार म्हणून अनुरागने सही केली. दुसरी सही माझी आहे.

त्यानंतर सायली आली नाही. दोन महिने झाले. अरविंद दर रविवारी चार कप मांडायचा, एक तसाच राहायचा. "फोन कर ना तिला," मी म्हटलं, तर म्हणाला, "फोनवर काय बोलायचं? निकाल निकाल असतो, संपादक." मी कधीच संपादक नव्हतो, उपसंपादक होतो. तो चाळीस वर्षं मला असाच चिडवत आला होता. त्या दोन महिन्यांत धुकं फार होतं. तो खांद्यावरून शाल गुंडाळून बसायचा, कमी बोलायचा आणि जुने भाग पहिल्यापासून पुन्हा लावायचा. आम्हाला वाटलं, त्याला सायलीची आठवण येते आहे. ते खरंही असेल.

शेवटची भेट रविवारची, मृत्यूच्या दोन दिवस आधीची. चहा ओतताना त्याच्याकडून बशीत बराच सांडला. अनुराग म्हणाला, "अंकलजी, नाप गलत हो गया।" अरविंद हसला. "लिहून घे. पंचनामा कर." निघताना त्याने मला जिन्यापाशी थांबवलं.

"पुढच्या रविवारी सायलीला बोलाव. तू सांग, तुझं ऐकेल."

"काय काम आहे?"

"फेरतपासणी आहे. तिच्यासमोरच व्हायला हवी."

मी हो म्हटलं. सोमवारी मी तिला फोन केला नाही. मंगळवारी करणार होतो.

तेराव्यानंतर घर आवरताना ती वही सायलीला मिळाली. पितळी वजनाखाली होती. तिने मला आणि अनुरागला बोलावून घेतलं. जुन्या नोंदींतलं अक्षर सरळ, टोकदार, सरकारी. शेवटच्या चार पानांवरचं अक्षर वेगळं होतं. मोठं, डावीकडे कललेलं, ओळ सोडून खाली उतरणारं. अनुरागला आधी वाटलं, दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय. सायलीने पान उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "डाव्या हाताने लिहिलंय."

नंतर तिने रुग्णालयातले कागद दाखवले. अरविंदला आधीही पक्षाघाताचे एकदोन लहान झटके येऊन गेल्याच्या खुणा मेंदूच्या तपासणीत दिसल्या होत्या. त्यामुळे उजव्या हाताची ताकद कमी झालेली असणार, असं डॉक्टरांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. पहिला झटका कधी आला, हे कळलेलं नाही. तो कोणत्याही डॉक्टरकडे गेल्याचा कागद घरात मिळाला नाही. त्याचे शेवटचे आठ रविवार मी त्याच्यासमोर, हातभर अंतरावर बसलो होतो. त्याने उजवा हात शालीबाहेर काढल्याचं मला आठवत नाही. काढला नाही, असंही खात्रीने सांगता येत नाही. मी पडद्याकडे पाहत होतो. सायली म्हणाली, "मी असते तर दिसलं असतं मला. मुलं बॅट कोणत्या हातात धरतात, दिवसभर तेच तर बघते मी..." आणि थांबली. 

शेवटच्या नोंदीवर वार सोमवार आहे. ती जशीच्या तशी देतो. "इवाओ. फेरतपासणी. भाग ९, घंटेनंतर, दार डाव्या हाताने उघडतो. भाग १४, जेवण डाव्या हाताने. भाग २२, काठी डाव्या हातात. उजवा हात पुढे सगळीकडे बाहीत. दाखवलं होतं. तपासणाऱ्याने पाहिलं नाही. भाग ३९चा निकाल रद्द. पात्र प्रमाणित. सायलीचं म्हणणं बरोबर." खाली त्याची सही, त्याच कललेल्या अक्षरात. सहीखाली साक्षीदारांसाठी आखलेल्या दोन ओळी. दोन्ही रिकाम्या.

पुढच्या रविवारी आम्ही अकरा वाजता तिथे जमलो. अनुराग येताना बेडई घेऊन आला. सायलीने चार कप मांडले आणि पडदे ओढले. नववा भाग लावला. बर्फ पडला, साखळी तुटली, घंटा उतरली, हात वर गेला, नाद उठला आणि सावकाश विरला. एरवी आम्ही तिथेच थांबायचो, या वेळी चालू ठेवलं. इवाओ वळतो, बर्फातून चालत मठापर्यंत येतो. उजवी बाही खाली लोंबते आहे, बोटं दिसत नाहीत. तो दार डाव्या हाताने उघडतो.

सायलीने तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावला. मग वजन बाजूला ठेवून वही उघडली. साक्षीदाराच्या पहिल्या ओळीवर तिने सही केली, दुसऱ्या ओळीवर मी.