मामूंच्या पायपट्ट्या

दाऊदमामू समोरच्या माणसाच्या आधी पायांकडे बघत आणि मग, वेळ मिळाला तर, तोंडाकडे. आमच्या ओपीडीत ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या सँडलचं इतकं बारकाईने निरीक्षण केलं की डॉक्टर कोण आणि पेशंट कोण, अशी मलाच शंका आली. त्यांचे स्वतःचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जाड खाकी कापडाच्या पट्ट्यांत बांधलेले होते. बाजूला पितळी बकलं, खाली बुटाच्या तळव्याखालून गेलेला चामड्याचा पट्टा. दुकानांत त्यांना गेटर्स म्हणतात. मामू नुसतं ‘पट्ट्या’ म्हणत, आणि हॉस्पिटलातली आम्ही मराठी मंडळी त्यांना पट्टीमामू म्हणत असू.

“लष्करात होतात का?” मी विचारलं.

“नाही. वाटेत काही आलं तर असाव्यात.”

“हॉस्पिटलच्या वाटेत?”

“पार्किंगच्या कडेला झुडपं आहेत, डॉक्टर.”

सौदीत रास अल खैरच्या रस्त्यावरच्या एका लहान शहरात तेव्हा मी नोकरीला होतो. मामू रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. बावीस वर्षं एकाच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, ड्रायव्हर होते. हे कफील म्हणजे अबू नासिर, सत्तरीचे, जाडजूड, मधुमेहाचे जुने पेशंट आणि ससाण्यांचे वेडे. हिवाळा लागायच्या सुमाराला परवाना काढून ते वाळवंटात सशांच्या शिकारीला जात. मामू गाडी चालवत, तंबू ठोकत, स्वयंपाक करत आणि सगळ्यांना पट्ट्या घालायचा आग्रह करत. शेवटच्या कामात बावीस वर्षांत त्यांना अजिबात यश आलं नव्हतं.

पट्ट्या ते स्वतः शिवत. त्यांचे आजोबा गलबतांची शिडं शिवायचे, त्यामुळे दाभण हातात घेतलं की मामूंची बोटं आपोआप चालत. जुन्या तंबूचं कापड दुहेरी करून, मध्ये ट्रकच्या ताडपत्रीचा एक थर घालून ते शिवलं की त्यातून सुई जायला त्रास होई. “सुईला त्रास झाला म्हणजे दातालाही होणार,” असं त्यांचं साधं गणित होतं. अबू नासिरच्या मेहुण्याने एकदा परदेशातून भारी गेटर्स मागवले. ते चालताना इतके करकरत की सारे ससे आधीच पसार होत. मामूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “चांगले आहेत. शिकारच मिळणार नाही म्हटल्यावर माणूस घरी बसेल. त्यापेक्षा सुरक्षित काय असणार.”

मात्र ते आपल्या वस्तूची खोटी तारीफ करत नसत. पट्ट्यांत उकडतं, घाम येतो, नमाजाच्या वेळी सोडायचा-बांधायचा व्याप होतो, हे ते स्वतःच सांगत. काटे लागत नाहीत आणि बुटात वाळू जात नाही, एवढा फायदाही प्रामाणिकपणे सांगत. सापाचं नाव ते सगळ्यात शेवटी घेत. “साप माणूस बघत नाही,” ते म्हणत. “त्याच्या उंचीला जे येतं ते बघतो. त्याच्या उंचीला आपण फक्त पाय आहोत.”

यावर अबू नासिर खदाखदा हसत. थंडीत साप झोपलेले असतात, आपले वडील अनवाणी शिकार करायचे, असं ते सांगत. एकदा तपासणी चालू असताना त्यांनी हा वाद माझ्यापुढे ठेवला. “डॉक्टर, तूच सांग. या पट्ट्यांचा उपयोग आहे की नाही?”

मी डॉक्टरांच्या सवयीने दोघांनाही खूश करणारं उत्तर दिलं. आमच्याकडे येणारे बरेचसे दंश घोट्याच्या आसपास असतात, पण हातालाही असतात. तेव्हा उपयोग आहे, पण पूर्ण नाही.

“ऐकलंस, दाऊद? पूर्ण नाही.”

“ऐकलं,” मामू म्हणाले. “अर्धा माणूस वाचतो.”

त्याच वर्षी ऑक्टोबरात अबू नासिरनी मला शिकारीचं आमंत्रण दिलं. निघताना मामूंनी माझ्या हातात नवीन पट्ट्यांचा जोड ठेवला. माझं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं, तरी त्या बरोबर बसल्या. तळावर पोचलो तर अबू नासिर, मेहुणा आणि त्यांचे दोन मित्र साध्या चपलांत वावरत होते. मेहुण्याने माझ्या पायांकडे बघून काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. मामू चहा करण्यात गुंतलेले पाहून मी गाडीत बसलो, पट्ट्या सोडल्या आणि सीटखाली सरकवल्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी शाळकरी मुलासारखा लपून बसलो होतो, हे तेव्हा जाणवलं नाही.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ससाणा सोडला. त्याने ससा धरला आणि आम्ही सगळे तिकडे धावलो. मी जवळच्या वाटेने, खुरट्या झुडपांमधून गेलो. उजव्या घोट्यापाशी कोणीतरी तापलेली सळई टेकवल्यासारखं झालं. खाली पाहिलं तर वाळूच्याच रंगाचं, हातभर लांबीचं, जाडसर काहीतरी अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत झुडपाखाली सरकत होतं. करवत चालवल्यासारखा तो आवाज मी फक्त वाचला होता.

सर्पदंशावर काय करावं आणि काय करू नये, यावर मी दर वर्षी आमच्या नर्सेसना व्याख्यान देत असे. त्यातलं एक अक्षर मला आठवेना. मेहुणा चाकू घेऊन आला. अबू नासिर डोक्यावरचा रुमाल काढून पिंढरीला आवळायला लागले. एवढ्यात मामू येऊन पोचले.

“कापायचं नाही. आवळायचं नाही,” ते अरबीत म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी कफीलला हुकूम दिलेला कोणी ऐकला नव्हता. अबू नासिरनी रुमाल खाली ठेवला. मामूंनी माझा बूट काढला, मला हलू नका म्हणाले आणि गाडीकडे गेले. ते सरळ माझ्या सीटखाली वाकले. पट्ट्या कुठे आहेत हे त्यांना विचारावं लागलं नाही. तंबूच्या दोन काठ्या, वर त्या पट्ट्या, अशी त्यांनी पायाला फळी बांधली आणि चौघांनी मला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं.

हॉस्पिटल दीड तासावर होतं. अबू नासिर पुढे बसून दुवा म्हणत होते. मला झोप लागू नये म्हणून मामू बोलत राहिले, गाडी चालवताना बोलायचे त्याच संथ आवाजात.

“आमच्याबरोबर आदम म्हणून एक सुदानी होता. ससाणे सांभाळायचा. मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्याच्यासाठी मी पट्ट्या शिवल्या होत्या.”

“मग?”

“पाहुणे हसले. त्याने काढून ठेवल्या.”

“त्याला चावला?”

“हो.”

“काय झालं त्याचं?”

“तो वारला,” मामू म्हणाले. आरशात माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, “पण तेव्हा रस्ता कच्चा होता.”

अबू नासिरना मराठी येत नव्हती. पण आदमचं नाव त्यांनी ओळखलं असावं. दुवा मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा आवाज बदललेला होता.

माझ्याच इमर्जन्सीत मला नेलं. माझं रक्त काचेच्या नळीत ठेवलं, ते गोठेना. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. मी ज्यांना व्याख्यान देत असे त्या केरळच्या सिस्टरनी औषधाची पहिली बाटली लावली, आणि त्या वेळी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. तिसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं. सहाव्या दिवशी मी चाललो.

मामू रोज येत. ‘मी सांगत होतो’ हे ते आज म्हणतील, उद्या म्हणतील, म्हणून मी तयारीत असे. ते म्हणाले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, “मामू, मी पट्ट्या काढायला नको होत्या.”

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “चार जणांत एकट्यालाच दिल्या की माणूस लाजणार. आदमच्या वेळीही तेच केलं होतं मी. सगळ्यांसाठी शिवायला हव्या होत्या.”

पुढच्या खेपेला त्यांनी पाच जोड शिवले. अबू नासिरनी पहिल्यांदा पाय पुढे केला. बकलं लावायला ते वाकू शकत नव्हते, ती मामूंनी लावली. त्यानंतर तळावर पट्ट्यांवर कोणी हसलं नाही, कारण हसायला बिनपट्टीचा कोणी उरला नव्हता.

तीन वर्षांनी अबू नासिरची नजर मंदावली. लांबचा ससाणा दिसेना, तेव्हा त्यांनी पक्षी विकून टाकले. शिकार संपली तसे मामूंनी कायमचं घरी जायचे कागद मागितले.

“काम नसलं तरी राहा,” अबू नासिर म्हणाले.

“काम असेपर्यंत मी घरचा आहे,” मामू म्हणाले. “काम नसलं की पाहुणा होईन. पाहुण्याने किती राहायचं?”

दम्मामच्या विमानतळावर सोडायला अबू नासिर आणि मी गेलो. म्हणजे आम्हाला मामूंनीच नेलं. ते असताना दुसऱ्या कोणी गाडी चालवायची रीत नव्हती. त्यांनी गाडी लावली, स्वतःची बॅग स्वतः उचलली, अबू नासिरच्या गोळ्यांच्या वेळा मला पुन्हा एकदा सांगितल्या. मग दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्याला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मामू आत गेले.

आम्ही परत पार्किंगमध्ये आलो. गाडी कुठे लावली होती ते दोघांनाही माहीत नव्हतं, शोधायला वेळ लागला. सापडल्यावर अबू नासिर पुढे डावीकडचं ड्रायव्हरचं दार सोडून नेहमीप्रमाणे उजवीकडे बसले, मी मागे बसलो, दोघांनी पट्टे लावले. बाहेर विमानं उतरत होती. गाडी का सुटत नाही, हे थोडा वेळ आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.