फक्त ओळखपत्र पुरेसे आहे

पेठ रोडला माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, शाळेचे फॉर्म, पासपोर्टचे अर्ज, लॅमिनेशन. सुरगाण्याच्या जीपा समोरच थांबतात, त्यामुळे माझं निम्मं गिऱ्हाईक डोंगरातलं. सगळे मला ताई म्हणतात आणि मी सगळ्यांवर खेकसते. देवराम तेवढा असा होता की खेकसलं तरी हसायचा.

गुजरातला चिकटलेल्या एका पाड्यावरचा हा माणूस. घरी भात आणि नागली, आणि एरवी टोळीबरोबर दिंडोरीला द्राक्षबागेत. छाटणीची कात्री त्याच्या हातात अशी चालायची, की बागायतदार त्याचं नाव घेऊन टोळी मागवायचे. बाप लवकर गेला. धाकटा भाऊ गोटीराम तेव्हा रांगत होता. आई भागीबाई कामावर जायची आणि गोटीरामला देवराम सांभाळायचा. आश्रमशाळेत त्याला खांद्यावर बसवून यानेच पोचवलं. स्वतःचं लग्न त्याने दोनदा पुढे ढकललं ते याच भावासाठी.

दोघांचे पासपोर्टचे अर्ज मी भरले. जन्मतारीख विचारली तर दोघांचीही एक जून.

"जुळे का रे?" मी विचारलं.

"नाय ताई. गुरुजी एकच व्हते."

एका एजंटाने आधी देवरामला क्रोएशियात द्राक्षबागेवर नेलं. आठ महिन्यांनी गोटीराम शेजारच्या स्लोव्हेनियात भाजीच्या शेडवर गेला. मी नकाशात दोन्ही गावं दाखवली, तर देवरामने बोटाने अंतर मोजलं आणि म्हणाला, "सुरगाणा ते दिंडोरी." भाऊ इतक्या जवळ आहे, एवढ्यावर तो खूश होता.

जाताना मी दोघांना बजावलं होतं. पासपोर्ट आणि तिथलं परमिटचं कार्ड पेटीत कुलपात ठेवायचं. घेऊन हिंडायचं नाही. हरवलंत तर तिथेच कुजाल. हे माझे शब्द. आधार कार्ड मात्र मी लॅमिनेट करून दिलं होतं आणि ते देवरामच्या शर्टाच्या खिशात कायम असायचं. दिंडोरीपासूनची सवय.

मागच्या जूनमधली गोष्ट. शुक्रवारची दुपार, ॲडमिशनची गर्दी, दारापर्यंत रांग. देवरामचा फोन आला.

"ताई, गोटीराम शिडीवरून पडला. डोक्याला लागलंय. दवाखान्यात हाय, बोलत नाय. बस दोन तासांत पोचते. हद्दीवर अडवतील का?"

तिथल्या मुकादमाने त्याला सरकारी माहितीचं एक पान पाठवलं होतं. मुकादम तिथलाच, दर रविवारी पलीकडे बाजाराला जाणारा. देवरामने ते मला पाठवलं. मोबाइलने त्याचं मराठी केलं, आणि मी रांगेकडे एक डोळा ठेवून भराभर वाचत गेले. दिवसा गाडीचे दिवे लावा. गाडीत पिवळं जाकीट ठेवा. सीमेवर तपासणी अधूनमधून होऊ शकते. प्रवासासाठी फक्त ओळखपत्र पुरेसे आहे. सोबत कुत्रा असल्यास त्याचा पासपोर्ट आवश्यक.

"माणसाला ओळखपत्र आणि कुत्र्याला पासपोर्ट," मी म्हटलं.

"आपल्याकडं कुत्रा नाय," तो म्हणाला. तेवढ्यातही हसला तो. मग विचारलं, "ओळखपत्र म्हणजे आधार चालंल ना ताई?"

"ओळखपत्र म्हणजे ओळखपत्र. चालेल. पळ आता."

पानाचा अगदी वरचा परिच्छेद मी वाचला नव्हता. सरकारी पानाचा वरचा परिच्छेद कोण वाचतं?

त्याच्या पाड्याखाली एक ओढा आहे. तो ओलांडला की गुजरात. मामाचं घर पलीकडे, बाजार पलीकडे. राज्य बदललं हे मोबाइलवर मेसेज येतो तेव्हा कळतं. हद्द म्हणजे त्याच्या लेखी तो ओढा. आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी. मी तरी कुठली हद्द पाहिलीय?

बस हद्दीवर थांबवली गेली. पोलीस चढला. सगळ्यांनी आपापली कार्डं दाखवली, देवरामने आधार दाखवलं. पोलिसाने ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, परत दिलं आणि पासपोर्ट म्हणाला. तो शब्द देवरामला कळला. पासपोर्ट पेटीत होता. पेटी खोलीवर होती आणि तिची किल्ली याच्या करगोट्याला बांधलेली. त्याने शर्ट वर करून किल्लीच दाखवली. त्याला खाली उतरवलं.

शेजारच्या सीटवर एक बाई मांडीवर लहानसं कुत्रं घेऊन बसली होती. तिने कुत्र्याची निळी पुस्तिका दाखवली. पोलिसाने ती उघडून पाहिली, मिटून परत दिली. बस निघून गेली.

त्याला हद्दीवरच्या चौकीत ठेवलं. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. जेवण दिलं, पांघरूण दिलं. त्यांचं ते काम होतं. मुकादमाने पेटीचं कुलूप तोडून पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड आणेपर्यंत सोमवार उजाडला. ते पाहिल्यावर चौकीतल्या साहेबाने मुकादमाकरवी सांगितलं, की ही दोन्ही सोबत असती तर तो शुक्रवारीच गेला असता.

गोटीराम शनिवारी दुपारी गेला. मरायच्या आधी त्याने डोळे उघडले होते, असं तिथल्या नर्सने सांगितलं. खोलीत ओळखीचं कोणी नव्हतं.

देवराम भावाला पेटीतून घेऊन घरी आला आणि परत गेला नाही. दिवाळीनंतर एका दुपारी तो दुकानात आला. मृत्यूच्या दाखल्यासाठी भावाचं ओळखपत्र हवं होतं. त्याने गोटीरामचं आधार काचेवर ठेवलं. तेही मीच लॅमिनेट केलेलं. मी झेरॉक्स काढली. मला माफी मागायची होती, आणि मी एकाच्या पाच प्रती काढत बसले.

कुत्र्याची गोष्ट त्याने तेव्हाच सांगितली, अगदी सहज. मग म्हणाला, "ताई, ते पान अजून हाय का? पुन्हा वाचा. सावकाश."

मी काढलं. पहिल्यांदाच वरून वाचायला लागले. 'ही माहिती केवळ युरोपीय संघाच्या सदस्य देशांच्या नागरिकांसाठी आहे. इतरांनी वैध पासपोर्ट आणि निवास परवाना सोबत बाळगावा.' दोन ओळी.

देवरामने गोटीरामचं कार्ड काचेवरून उचललं.

"म्हणजे ताई," तो म्हणाला, "ते आपल्याशी बोलतच नव्हते."

"चूक माझी आहे, देवराम," मी म्हटलं. इतकंच जमलं.

त्याने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही. गोटीरामचं कार्ड खिशात ठेवताना त्याला आतली निळी पुस्तिका आधी बाजूला घ्यावी लागली. त्याचा पासपोर्ट.

"हा कशाला घेऊन हिंडतोस आता?"

"उद्या मामाकडं जायचंय," तो म्हणाला. "ओढ्यापल्याड."