देवी टोचणाऱ्यांची सून

कोरोनाच्या लशीचा दुसरा डोस घ्यायला गेले तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी मुलगी, दोघीच राहायचो. लसीकरण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. नर्स माझ्या मुलीपेक्षाही लहान असावी. तिने माझी बाही वर सरकवली, डाव्या दंडावरचे दोन गोल, चुरमडलेले डाग पाहिले आणि हळूच विचारलं, कधी भाजलं होतं का.

"नाही गं, देवी काढल्यात," मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ उठून पुढे आले, त्यांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत चढवली आणि आपलाही दंड तिच्यासमोर धरला. मग आम्ही दोघांनी मिळून तिला समजावलं. देवी नावाचा रोग होता, अंगभर फोड यायचे, माणसं पटापट जायची. जगलेल्यांच्या तोंडावर खड्डे राहायचे, कुणाचे डोळे जायचे. घरोघर लस टोचून टोचून तो संपवला. आता जगात कुठेच नाही. सुई हातात धरून ती आमच्याकडे असं कौतुकाने पाहत होती, जणू तो आम्हीच दोघांनी संपवला.

लस घेतल्यावर अर्धा तास बसायचं होतं. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, तोंडावर मास्क, त्यामुळे बोलायचं तर ओरडूनच. आमच्या गप्पा अख्ख्या हॉलने ऐकल्या. ते जूचंद्रचे. बायको वारलेली. त्यांचे वडील आरोग्य खात्यात देवी टोचायला होते, सायकलवरून गावोगाव फिरायचे. मग मीही सांगितलं की माझं माहेर वटारचं. देवी टोचणारे आमच्या वाडीत आले तेव्हा मी केळीच्या बागेत लपले होते, काकांनी मला बखोटीला धरून बाहेर आणलं आणि मी त्या टोचणाऱ्यांच्या अंगठ्याला कडकडून चावले.

ते खुर्चीच्या टोकाला सरकले आणि म्हणाले, "वटारची एक पोरगी चावल्याचं बाबा अजून सांगतात."

मी माझी खुर्ची हातभर त्यांच्याकडे ओढली. अर्ध्या तासाचा दीड तास झाला, शिपाई खुर्च्या उचलू लागला, तेव्हा कुठे आम्ही उठलो.

पुढच्या रविवारी त्यांच्या बाबांना माझा दंड दाखवायला मी जूचंद्रला गेले. निघण्याआधी तीन साड्या बदलल्या. मुलीने विचारलं तर लसीकरणाचं काम आहे म्हणाले.

बाबा पंच्याऐंशीच्या पुढचे, कान तिखट, चेहरा खड्ड्यांनी भरलेला. पाच वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या होत्या. त्याच खोलीत शेजारी झोपलेली त्यांची बहीण त्यात गेली. पुढे या नोकरीत तो चेहराच कामाला आला, असं ते म्हणाले. लोक दार लावून घ्यायचे, देवी घरी आलीय, सुई लावली तर कोपेल म्हणायचे. हे उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, "माज्या तोंडाकडं बघा, मंग पोराला आना." आणि लोक आणायचे.

मग मी दंड पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, मुलाकडून मोबाइलचा उजेड पाडून घेतला, कातडी ताणून ताणून बघितली. दहावीचा निकाल लागायच्या दिवसासारखे आम्ही दोघे श्वास धरून उभे.

"यो माजा काम नाय गो पोरी," ते म्हणाले.

हे फिरवून टोचायच्या जुन्या यंत्राचे डाग आहेत, ते त्यांच्या आधीच्या माणसाकडे होतं; त्यांची सुई दोन टोकांची, तिची खूण बारीक असते. मी चावण्याचं विचारलं. तर चावणाऱ्या पोरी गावागावात होत्या, वटारला तर चार-पाच होत्या, असं ते अगदी सहज म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि असं हसू फुटलं की बशीतला चहा माझ्या त्या निवडून नेसलेल्या साडीवर सांडला. ज्या धाग्याने आम्ही तिथवर आलो होतो तो तुटला होता, आणि दोघांनाही उठायचं नव्हतं. बाबांना घरी ठेवून ते मला रिक्षापर्यंत सोडायला निघाले आणि तीन रिक्षा रिकाम्या जाऊ दिल्या.

पुढच्या वर्षी आम्ही लग्न करायचं ठरवलं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या सगळ्या रविवारी लसीकरण चालत नसतं, मला कळत होतं." रजिस्टरवर साक्षीदार म्हणून तिनेच सही केली.

सह्या झाल्यावर जेवायला जायचं होतं, पण सासरे आधी आपली जुनी गावं बघायची म्हणून हटून बसले. रिक्षात ते मधे, आम्ही हार घातलेले दोघे दोन बाजूंना, मागून मुलगी स्कूटरवर. वाटेत ते बोलत राहिले. शेवटी शेवटी टोचण्यापेक्षा शोधण्याचंच काम जास्त होतं. देवी आलेल्या पोराचं चित्र घेऊन दारोदार जायचं, असं कुणी पाहिलंय का विचारायचं. संध्याकाळी अहवालात लिहायचं, नाही. उद्या पुन्हा नाही. महिनोन् महिने नाही. सोबतचे कंटाळायचे, आणि हे मात्र सायकलवरून शीळ घालत घरी यायचे.

वटारला एका ओटीवर एक तरुण मुलगी मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. सासऱ्यांनी रिक्षा थांबवायला लावली, बाहेर डोकं काढलं आणि जुन्या सरकारी आवाजात विचारलं, "घरात कुनाला देवी हाय का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आमच्या हारांकडे पाहिलं, आणि कळ्या बाजूला ठेवून उठली. "देवी ना? देऊळ पुढे आहे, आजोबा. वळणावरून डावीकडे घ्या."

सासऱ्यांनी तिला हात जोडले. मग मागे टेकून हसायला लागले. खांदे गदगदत होते, त्या खड्ड्याखड्ड्यांतून पाणी ओघळत होतं, आणि नवऱ्याने त्यांना घट्ट धरून ठेवलं होतं. रिक्षावाल्याने गोंधळून विचारलं, डावीकडे घेऊ का. मी म्हटलं, घ्या.